स्तुतीचा यज्ञ रोजच्या घरात : वेळ, गाणं, दान, उपास (सातारा-सांगलीकडच्या मंडळींसाठी)

कृष्णाकाठ

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

बायबलातल्या इब्री लोकांस पत्राच्या १३ व्या अध्यायात १५ वं आणि १६ वं वचन एकमेकाला चिकटून येतात. पंधराव्यात ओठांनी करायचा स्तुतीचा यज्ञ, म्हणजे 'ओठांचं फळ', सोळाव्यात चांगलं करणं आणि आपल्यातलं दुसऱ्याला देणं, आणि दोन्हींना यज्ञच म्हटलंय. आपल्याकडे पंधरावं वचन गाण्याच्या आधी वाचतात आणि सोळावं दानाच्या पिशवीच्या आधी. त्यामुळे दोन्ही मिळून एकच गोष्ट आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

ज्या यज्ञावरून हे बोलणं आलंय तो लेवीय ७ मध्ये सविस्तर आहे. उपकारस्तुतीसाठी जनावर आणायचं, त्याबरोबर तेलात मळलेल्या बेखमीर पोळ्या, वरून तेल लावलेल्या बेखमीर पापड्या, तेलात चांगल्या मळलेल्या सपिठाच्या पोळ्या, आणि शिवाय खमीर घातलेल्या भाकरी. यातला एकेक नग याजकाला. बाकीचं अर्पण करणाऱ्याने खायचं, पण त्याच दिवशी. सकाळपर्यंत काही उरता कामा नये. नवसाचं किंवा खुशीचं अर्पण दुसऱ्या दिवशीही चालायचं, उपकारस्तुतीचं नाही.

आता हिशोब करा. एक अख्खं जनावर आणि चार प्रकारच्या भाकऱ्या एका घराला एका दिवसात संपत नाहीत. शेजारपाजारी, नातेवाईक, गरीब यांना बोलवावंच लागतं, आणि बोलावलं की कशाबद्दल हे जेवण ते सांगावं लागतं. आभार घरातच ठेवायची सोयच त्या नियमात नव्हती.

रोजचं अर्पण वेगळं (निर्गम २९). सकाळी एक कोकरू, संध्याकाळी एक, प्रत्येकाबरोबर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे अंदाजे सव्वादोन लिटरचं माप, आणि पाव हिन तेल, साधारण पाऊण ते एक लिटर. मन लागो न लागो, वेळ ठरलेली आणि माप ठरलेलं.

ख्रिस्ताचं बलिदान एकदाच आणि पुरेसं झालं, त्यात आपण भर घालत नाही. तरी स्तुतीला वेळ, माप आणि वाटप असावं हे त्या जुन्या अर्पणांतून शिकायला मिळतं. पाळ्यांची नोकरी, उसाची बिलं, मुलांच्या शिकवण्या यांत हे कसं बसवायचं, यावर जाणकारांनी लिहावं. मोघम नको, कामाचं लिहा.

माहुलीकर

कौटुंबिक प्रार्थनेपासून सुरुवात करतो, कारण तिथेच सगळं अडतं.

वेळ रात्रीचं ताट वाढायच्या आधीची ठेवावी. जेवणानंतर ठेवली की लहान मुलं पेंगतात आणि मोठ्यांचे फोन सुरू होतात. एकूण १५ मिनिटं पुरतात, २० च्या वर नेऊ नये. एक गाणं, त्याची दोन किंवा तीनच कडवी. एक स्तोत्र. मग आभार, मग मागणं, शेवटी प्रभूची प्रार्थना. वाचन रोज वेगळ्या माणसाने करावं, आजीनेही आणि चौथीतल्या पोरानेही. अडखळला तर मध्ये शब्द सुचवू नये, त्याला वाक्य पुरं करू द्यावं.

स्तोत्रं १५० आहेत. ११९ वं १७६ वचनांचं आहे, आणि ते मुळातच आठ-आठ वचनांच्या २२ भागांत रचलंय, ते तसंच २२ दिवस घ्यावं. बाकीची १४९ रोज एक, म्हणजे १७१ दिवसांत एक फेरी होते. ८९ किंवा १०७ सारखी लांब स्तोत्रं दोन रात्रींत वाटली तरी चालेल. फक्त निवडून निवडून वाचू नका. २३, ९१, १०३, १२१ एवढीच फिरवत बसलं तर घराला विलाप करायची भाषाच मिळत नाही. १३, २२, ४२ ही आलीच पाहिजेत. ८८ व्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो, आणि तरी ते उपासनेच्या पुस्तकात आहे.

आभार मानताना 'सर्व आशीर्वादांबद्दल' हे शब्द आठवडाभर बंद करून बघा. काल संध्याकाळपासून आजपर्यंत काय झालं ते नाव घेऊन म्हणायचं. बाळाचा ताप उतरला, पाणी वेळेवर आलं, गणिताचा पेपर बरा गेला. एकाने एकच गोष्ट सांगायची. लहान मुलं यात मोठ्यांपेक्षा तरबेज असतात.

बिघडतं कुठे? कर्ता माणूस प्रार्थनेतून घरच्यांना टोमणे मारतो. 'प्रभू, या मुलाला अभ्यासाची बुद्धी दे' हे मुलाला ऐकवायला म्हटलेलं असतं आणि मुलाला ते बरोबर कळतं. मग दहावीपर्यंत तो प्रार्थनेला बसायचं टाळायला लागतो. मुलाशी बोलायचं ते मुलाशी बोलावं, प्रार्थना संपल्यावर.

रात्रपाळी

मिरजेत आणि आसपास दवाखान्यांत काम करणारी आपली माणसं खूप. १८९४ साली मिशनरी डॉ. वॉनलेस यांचं इस्पितळ सुरू झालं तेव्हापासून कित्येक घरांत नर्सिंग पिढीजात आलंय. या घरांना 'रात्री जेवणाआधी सगळे एकत्र' हा नियम झेपत नाही. त्यांच्यासाठी:

ड्यूटीवर निघायच्या आधी दारात उभं राहून एकच छोटं स्तोत्र. ११७ दोन वचनांचं आहे, १३४ तीन वचनांचं. १३४ तर रात्रीच्या वेळी परमेश्वराच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांसाठीच आहे, ते रात्रपाळीला पाठ असावं. घरी जे आहेत त्यांनी ठरलेल्या वेळी तेच म्हणायचं. आठवड्यातून एकदा, ज्या दिवशी सगळ्यांच्या सुट्ट्या जुळतात, पूर्ण प्रार्थना.

वॉर्डात मात्र जपून. रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनी विचारल्याशिवाय खाटेजवळ प्रार्थना किंवा गाणं सुरू करू नये. औषधाची वेळ चुकवून प्रार्थना करणं ही स्तुती होत नाही. सलाइन वेळेवर बदलणं, रुग्णाची कूस वेळेवर बदलणं हाच त्या तासाचा यज्ञ, रोमकरांस १२:१ मध्ये शरीराचं अर्पण म्हटलंय ते हेच. पौल आणि सीला मध्यरात्री तुरुंगात गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते, हे खरं. पण आजाऱ्याला झोप लागते हेही देवाचंच देणं आहे, तिची मोडतोड करू नये.

पेटीवाला_मिरज

गाण्याबद्दल लिहितो. घरात आणि छोट्या मंडळीत गाणं दुसऱ्या कडव्याला मरतं, त्याचं कारण दहातल्या आठ वेळा पट्टी, म्हणजे ज्या सुराला 'सा' धरून गातो तो सूर, असते.

गाणं सुरू करायच्या आधी त्यातला सर्वांत वरचा सूर शोधा, तो बहुतेक अंतऱ्यात असतो. बायका आणि पुरुष मिळून गात असतील, पुरुष एक सप्तक खाली, तर वरचा सूर पेटीवर पांढरी दोन किंवा फार तर काळी दोनच्या पुढे जाऊ देऊ नये. म्हणजे गाणं तार षड्जापर्यंतच चढत असेल तर काळी एक किंवा पांढरी दोन पट्टी चालेल. तार गंधारापर्यंत जात असेल तर खाली येऊन काळी पाच धरा, मध्यमापर्यंत जात असेल तर काळी चार. सुरुवातीच्या ओळी खूप खाली वाटतील, वाटू द्या. पेटीवाल्याला स्वतःच्या गळ्याची पट्टी सोयीची असते आणि तो तीच लावतो. अंतऱ्यात मग बायका गप्प होतात आणि पुरुष ओरडतात.

लय: अभंगाला भजनी ठेका, आठ मात्रा, आणि सुरुवातीला मुद्दाम सावकाश. ढोलकीवाला तिसऱ्या कडव्यात पळायला लागतो, त्याला झांजेने धरून ठेवायचं, पेटीने नाही. मोठ्या अभंगाच्या चरणात पहिले तीन तुकडे सहा-सहा अक्षरांचे आणि शेवटचा चार अक्षरांचा. तो चारचा तुकडा ओढून सम साधावी, तिथे घाई केली की अर्थ गळतो.

आवाज: चार भिंतींच्या खोलीत पेटीचा भाता अर्धाच भरा, एकच रीड पुरते. शब्द ऐकू आले पाहिजेत. ओठांचं फळ म्हणायचं आणि ओठांचं काही ऐकूच येत नाही असं नको. पावसाळ्यात रीड चिकटतात, सूर बसका येतो किंवा बंद होतो. पेटी भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका, पाटावर ठेवा, वरून सुती कापड घाला आणि रोज पाच मिनिटं तरी वाजवा. बंद पडलेली रीड घरी सुरीने खरवडली तर सूर कायमचा बदलतो. मिरजेत कारागीर आहेत, त्यांच्याकडे न्या.

पेटी नसेल तर काही अडत नाही. टाळ्या आणि टाळ पुरतात. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. ख्रिस्ताची स्तुती अभंगात, ओवीत, आपल्या चालीत झाली पाहिजे हा आग्रह त्यांनी शेवटपर्यंत धरला. साताऱ्यात जमिनीवर बसून टाळ वाजवत ख्रिस्ताचं भजन करणाऱ्याने ते कमी दर्जाचं मानायचं काही कारण नाही. ड्रमसेट आणि स्पीकर घेतले की स्तुती वाढते हा समज काढून टाका.

सांगलीची_लेक

खूप उपयोगी लिहिताय सगळे. एक विचारते. घरात कर्ज आहे, कुणी आजारी आहे, आणि मंडळीत सगळे हात वर करून हालेलुया म्हणतायत. अशा वेळी तोंडाने स्तुती करणं खोटं नाही का होत?

कृष्णाकाठ

ताई, खोटं तेव्हा होतं जेव्हा दुःख नाहीच असं दाखवलं जातं.

स्तोत्र १३ घ्या. सहा वचनं. पहिल्या दोनांत 'कुठवर?' असं चार वेळा विचारलंय. पुढच्या दोनांत मागणं आहे. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. हाच क्रम घरात वापरावा. आधी तक्रार, मोठ्याने, नाव घेऊन: बँकेची नोटीस आली, गाठ तपासायला दिलीय. मग काय हवं ते सरळ मागायचं. मग देवाबद्दलचं एक सत्य वाक्य म्हणायचं, स्वतःच्या भावनेबद्दलचं नव्हे. 'मला आनंद होतोय' म्हणायची गरज नाही, 'तू सोडत नाहीस' एवढं म्हणता आलं तरी तो यज्ञ आहे, आणि महागातला आहे.

हबक्कूक ३ मध्ये अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात जनावर नाही, अशी यादी देऊन मग तो परमेश्वराच्या ठायी उल्लासतो. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला आणि दावण्या रोगाने बाग गेली तर काय होतं हे तासगाव-पलूसकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. संदेष्ट्याने नुकसान एकेक करून मोजलंय, झाकलेलं नाही.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. आजारी माणसाला 'स्तुती कर म्हणजे बरा होशील' असं सांगू नये. तो सौदा झाला, आणि बरं वाटलं नाही तर दोषही त्याच्याच माथी येतो. आणि कुणी विश्वासाच्या नावाखाली टीबीच्या गोळ्या, इन्सुलिन किंवा फिटच्या गोळ्या बंद करायला सांगत असेल तर ऐकू नये. टीबीची औषधं मध्येच सोडली तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. ज्याला गाता येत नाही त्याच्या शेजारी गप्प बसणं हेही मंडळीचं काम आहे, रडणाऱ्याबरोबर रडा असं रोमकरांस १२ मध्येच आहे.

तासगाव_शिवार

दानाबद्दल. पगारदाराचा दशांश सोपा असतो, शेतकऱ्याचा नसतो, आणि उपदेश मात्र पगारदाराला धरून होतात.

दूध: डेअरीचं बिल बहुतेक ठिकाणी दहा दिवसांचं. दहा दिवसांत वीस धारा होतात. दोन धारांचे पैसे म्हणजे दशांश. पेंड आणि चारा वजा करायचा असेल तर आधी करा, पण दर वेळी एकाच पद्धतीने करा.

ऊस: कायद्याने ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत बिल यायला हवं, प्रत्यक्षात हप्त्यांनी येतं, आणि सोसायटीची कपात होऊन उरलेलं खात्यावर पडतं. बेणं, खत, पाणीपट्टी, पीककर्ज हा पिकाचा खर्च, तो वजा करणं रास्त आहे. लग्नासाठी किंवा गाडीसाठी काढलेलं कर्ज पिकाचा खर्च नव्हे, ते वजा करून 'उरलंच नाही' म्हणू नये. आकडा बिल यायच्या आधी ठरवून कागदावर लिहा. पैसे खात्यावर आल्यावर ठरवायला बसलं की तो आकडा निम्म्यावर येतो.

द्राक्ष: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि पैसा एकदाच, जानेवारी ते एप्रिलमध्ये. वर्षभर रविवारी देण्यासारखं हातात काही नसतं, याची लाज वाटून घेऊ नये. हंगामाच्या उपासनेला पहिल्या तोडीतली पेटी द्या. मणी गळालेला, डाग पडलेला माल देवळात पाठवू नका. मलाखीने पहिल्या अध्यायात विचारलंय, लंगडं-आजारी जनावर सुभेदाराला नेऊन दिलंस तर तो घेईल का? व्यापाऱ्याने नाकारलेली पेटी वेदीपुढे ठेवणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारावा.

आणि सगळ्यात आधी मजुरी. अनुवाद २४ मध्ये मजुराचा पैसा सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितलंय, याकोबाने पाचव्या अध्यायात तर राखून ठेवलेली मजुरी ओरडते असं लिहिलंय. बायकांचा रोज आठवडाभर थकवून रविवारी दानात नोट टाकली तर ती नोट मजुरांची आहे. अनुवाद २४ मध्येच शेतात विसरलेली पेंढी आणि वेलावर राहिलेली द्राक्षं गरिबांसाठी सोडायला सांगितलंय. हळद काढल्यावर मागे राहिलेले गड्डे मजूर बायकांना वेचू द्या. त्यांच्या पाठीमागे फिरून परत वेचून घेऊ नका.

माहुलीकर

शिवारदादा, मजुरीबद्दल शंभर टक्के बरोबर. दशांशाबद्दल थोडा वेगळा विचार मांडतो. नव्या करारात मंडळीला दहावा भाग असा आकडा घालून दिलेला नाही. १ करिंथ १६ मध्ये आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याला जसं यश मिळालं तसं बाजूला काढून ठेवायला सांगितलंय, आणि २ करिंथ ९ मध्ये मनात ठरवल्याप्रमाणे, कष्टी न होता. ज्या घरात औषधावरच निम्मा पैसा जातो तिथे दहा टक्क्यांचा आग्रह धरणं बरोबर नाही. जिथे दोन पगार आणि भाड्याने दिलेली खोली आहे तिथे दहा हा आकडा फार लहान असू शकतो.

तासगाव_शिवार

मान्य. आकडा हा दोर धरून चालण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या पाठीवर मारायला नाही. तरी सुरुवात करणाऱ्याला आकडा लागतो, नाहीतर 'मनात ठरवल्याप्रमाणे' याचा अर्थ दहाची नोट होतो. लेवीय ५ मध्येही माप आहे, पण ऐपतीप्रमाणे: मेंढरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिलं, तेही नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ.

महिला_सभा_खजिनदार

तुम्ही सगळे बिलं आणि पगार यावर बोलताय. बऱ्याच बायकांच्या हातात रोख रक्कम येतच नाही. त्यांच्यासाठी मूठ धान्य ही उत्तम पद्धत आहे. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत १९१० पासून बायका दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्यावर मोठमोठी कामं चालतात. आपल्याकडे करायचं तर असं:

पातेल्यात तांदूळ मोजून घेतल्यावर, धुवायच्या आधी, त्यातलीच एक मूठ वेगळ्या डब्यात. आधी काढून मग तेवढेच परत घालायचे नाहीत, घरच्या मापातूनच कमी झाले पाहिजेत. मूठ साधारण ४० ते ४५ ग्रॅमची. दोन वेळा धरलं तर महिन्याला अडीच किलोच्या आसपास. वीस घरांचे पन्नास किलो होतात, दोन-तीन गरजू घरांचा महिना निघतो.

ज्वारी-बाजरी दिली तरी चालेल, पण दाणा द्या, पीठ नको. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं. तांदूळ, गहू, ज्वारी एकत्र करू नका, निवडताना घेणाऱ्या घराचा जीव जातो. डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा, तळाशी वाळलेला कडुनिंबाचा पाला. महिन्याला डबा पूर्ण रिकामा करून पुसून, उन्हात वाळवूनच पुन्हा सुरू करा. जुन्यावर नवं घालत गेलं की सोंडे तिथूनच होतात. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या तर अजिबात नकोत, त्यांच्या वायूने माणसं दगावतात. रेशनचा घरी कुणी खात नाही तो तांदूळ वेगळा साठवून देणं ही मूठ नव्हे.

वाटताना रविवारी सगळ्यांसमोर नाव पुकारून पिशवी देऊ नका. दोघींनी जाऊन घरी पोचवावी, फोटो काढू नये. रोख दान मोजायला कायम दोघं असावीत, एकमेकांच्या नात्यातली नकोत. मोजलेला आकडा तिथेच वहीत, दोघांच्या सह्या, पैसे सोमवारी बँकेत.

हंगामाच्या उपासनेत आलेल्या मालाच्या लिलावाबद्दलही सांगते. भोपळा पाच हजाराला गेला की टाळ्या होतात आणि शेजारी शंभराची बोली लावणारी म्हातारी पुन्हा हात वर करत नाही. लिलाव हवाच असेल तर निम्मा माल ठरलेल्या भावाने विका, आणि बोली लावून राहिलेली रक्कम त्याच दिवशी वसूल करा. वर्षभर थकलेल्या बोलींची यादी वाचायची वेळ आणू नका.

सांगलीची_लेक

उपासाबद्दल कुणीच लिहिलं नाही. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, घरातल्या मधुमेही माणसांनी काय करायचं?

रात्रपाळी

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडायचं नाही. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, किडनीचे रुग्ण यांनीही नाही. त्यांनी जेवण न सोडता पदार्थ सोडावा: मटण, चहातली साखर, हॉटेलचं खाणं. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत रविवार वगळून ४० दिवस होतात. सोडलेल्या पदार्थाचे पैसे रोजच्या रोज डब्यात पडले पाहिजेत. यशया ५८ मध्ये उपासाची खूण भुकेल्याला भाकरी वाटणं ही सांगितलीय. नुसती साबुदाण्याची खिचडी खाऊन बचत शून्य असेल तर तो फक्त खाण्यातला बदल झाला.

त्या पैशांतून करता येण्यासारखं एक काम: मिरजेत बाहेरगावाहून आलेल्या रुग्णांबरोबरच्या नातेवाइकांना डबा. दुपारी बाराच्या आत पोचला पाहिजे. भाकरी किंवा चपाती, कोरडी भाजी, घट्ट वरण, वेगळी चटणी. पातळ रस्सा सांडतो. रुग्णासाठी काही न्यायचं तर आधी विचारा. डायलिसिसच्या रुग्णाला प्रेमाने नेलेलं शहाळं आणि केळी यांतल्या पोटॅशियमने त्याचं हृदय बंद पडू शकतं.

आणि ज्यांची तब्येत धडधाकट आहे त्यांनी रक्त द्यावं. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर. पुरुषांनी दोन वेळांत तीन महिन्यांचं अंतर ठेवावं, बायकांनी चार. उपाशीपोटी जाऊ नये, म्हणून ते उपासाच्या दिवशी नको.

पेटीवाला_मिरज

एक राहिलं. मत्तय ५:२३-२४. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. बांधाच्या वादावरून सख्खे भाऊ एकाच बाकावर बसून गातात आणि बाहेर बोलत नाहीत. यावर काय करायचं?

कृष्णाकाठ

प्रभुभोजनाचा रविवार ठरलेला असतो, तर त्याच्या आधीच्या बुधवार-गुरुवारी जावं. रविवारी सकाळी जाऊ नये, दोन्ही घरांत घाई असते आणि नुसतं 'माफ कर' म्हणून उरकलं जातं. पहिल्यांदा एकट्याने जायचं, पंच किंवा पाळक बरोबर नेले की समोरचा बचावाला बसतो. मत्तय १८ मध्येही क्रम असाच आहे: आधी दोघंच, मग एक-दोन जण, मग मंडळी. गेल्यावर फक्त स्वतःच्या चुकीबद्दल बोलावं, 'पण तूसुद्धा' हे शब्द त्या दिवशी नकोत. सातबारा आणि नकाशा बरोबर नेऊ नये. त्याने दार उघडलं नाही तर आठवड्याने परत जावं, आणि त्याबद्दल मंडळीत बोलत फिरू नये.

जमिनीचा प्रश्न त्याच बैठकीत सोडवायचा प्रयत्न करू नका. मोजणीचा अर्ज दिलेला असेल तर मोजणी होऊ द्या. खुणा पडतील तिथे बांध घाला, आणि त्या दिवशी मोजणीदारासकट दोन्ही घरांचं जेवण एकाच चुलीवर करा.